लॅझारसमधून दुसऱ्या संगणकावरच्या पोस्टग्रेसशी जोडणी: लायब्ररी लोड होत नाही

पुस्तककिडा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या देवघेवीसाठी लॅझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन) प्रोग्रॅम करतोय. डेटाबेस वेगळ्या संगणकावर हवा आहे, कारण देवघेवीच्या खिडक्या दोन आहेत आणि दोन्हीकडून एकच नोंदवही दिसली पाहिजे. मांडणी अशी:

सर्व्हर विंडोज ११ वर, डेटाबेस पोस्टग्रेस १६, पत्ता १९२.१६८.१.१०. खिडकीवरचा संगणक विंडोज १० चा, त्यावर लॅझारस ३.० आणि फ्री पास्कल ३.२.२. दोन्ही एकाच राउटरवर, वायरने जोडलेले.

फॉर्मवर टीपीक्यूकनेक्शन, टीएसक्यूएलट्रान्झॅक्शन, टीएसक्यूएलक्वेरी, टीडेटासोर्स आणि टीडीबीग्रिड हे तयार घटक ठेवलेत आणि एकमेकांना जोडलेत. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये कनेक्टेड ‘ट्रू’ केलं की पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी (सर्व्हरशी बोलणारी लिबपीक्यू ही डीएलएल फाइल) लोड होत नाही, इन्स्टॉलेशन तपासा, असा संदेश येतो. सर्व्हरच्या बिन फोल्डरमधली लिबपीक्यू.डीएलएल आणून प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवली, तरी तोच संदेश. सर्व्हरवर पीजीॲडमिन (पोस्टग्रेस हाताळायचा प्रोग्रॅम) व्यवस्थित उघडतो.

लॅझारस ३२-बिट आहे की ६४, ते पाहिलेलं नाही. त्याने फरक पडतो का? आणि सगळा मजकूर देवनागरीत आहे, त्यासाठी सुरुवातीलाच काय जपायचं?

---

जोडतार

फरक पडतो, आणि बहुतेक सगळा घोळ तिथेच आहे.

आधी लॅझारसच्या ‘हेल्प’मधली ‘अबाउट’ची खिडकी उघडा. तिथे ‘आय३८६-विन३२’ दिसलं तर लॅझारस ३२-बिट, ‘एक्स८६_६४-विन६४’ दिसलं तर ६४-बिट. तुम्ही आणलेली डीएलएल नक्की ६४-बिट आहे, कारण पोस्टग्रेसचा विंडोजवरचा नेहमीचा इन्स्टॉलर आवृत्ती ११ पासून फक्त ६४-बिट मिळतो. ३२-बिट प्रोसेसमध्ये ६४-बिट डीएलएल चढत नाही, आणि गंमत अशी की फाइल सापडली नाही काय किंवा सापडून चढली नाही काय, लॅझारस दोन्ही वेळा एकच संदेश देतो. त्यामुळे माणूस फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवत बसतो.

लॅझारस ३२-बिट निघाला तर तो काढून विन६४ चा इन्स्टॉलर टाका. जुनी ३२-बिट डीएलएल शोधण्याच्या फंदात पडू नका. आवृत्ती १० च्या आधीच्या लिबपीक्यूला स्क्रॅम पद्धतीचा पासवर्ड कळत नाही. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड मुळातच स्क्रॅम-एसएचए-२५६ मध्ये साठवले जातात, म्हणून जुन्या डीएलएलने ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ अशी पुढची अडचण उभी राहते. मग लोक सर्व्हरवर एमडी५ या जुन्या पद्धतीला परत जातात. ते करू नका.

दुसरं कारण: लिबपीक्यू.डीएलएल एकटी चालत नाही. बिन फोल्डरातून तिच्याबरोबर हेही आणावं लागतं:

- लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो (नावापुढचे आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात, बिनमध्ये दिसतील तेच घ्या)
- लिबआयएनटीएल आणि लिबआयकॉन्व्ह
- लिबविनपीथ्रेड, बिनमध्ये असेल तर

शिवाय संगणकावर व्हिज्युअल सी++ चं ६४-बिट रनटाइम हवं. नव्या कोऱ्या विंडोजवर ते नसतं, आणि यातली एक फाइल जरी कमी पडली तरी संदेश पुन्हा तोच. सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसच्याच बिनमधून सगळा संच एकदम उचला. एक फाइल इथली, एक तिथली अशी भेसळ नको.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नातच दडली आहे. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये ‘कनेक्टेड’ ट्रू करता तेव्हा जोडणी तुमचा प्रोग्रॅम करत नाही, लॅझारस स्वतः करतो. म्हणजे डीएलएल लॅझारसच्या एक्झी फाइलशेजारी लागते. प्रोग्रॅम चालवताना ती तुमच्या प्रोग्रॅमच्या एक्झीशेजारी लागते. दोन्हीकडे संच ठेवा, किंवा संचाचा एकच फोल्डर करून तो विंडोजच्या ‘पाथ’मध्ये (फाइली शोधायच्या फोल्डरांची यादी) घाला आणि लॅझारस बंद करून पुन्हा उघडा. उघडा असलेला लॅझारस बदललेला पाथ वाचत नाही. सिस्टिम३२ मध्ये मात्र काही टाकू नका, पुढे कुठली डीएलएल कोणाची ते कळेनासं होतं.

फोल्डर कोडमधूनच ठरवायचा असेल तर एसक्यूएलडीबी (लॅझारसचे डेटाबेसचे घटक) टॅबवर टीएसक्यूएलडीबीलायब्ररीलोडर आहे. कनेक्शनटाइप पोस्टग्रेस निवडा, लायब्ररीनेममध्ये पूर्ण मार्ग द्या, आणि पहिली जोडणी उघडण्याआधी एनेबल्ड ट्रू करा.

एक आग्रहाची सूचना. डिझाइन करताना जोडणी तपासून झाली की कनेक्टेड पुन्हा ‘फॉल्स’ करा आणि पासवर्डची जागा रिकामी करा. नाहीतर पासवर्ड एलएफएम फाइलीत (फॉर्मची मांडणी साठवणारी) उघडा साठतो, तिथून तो एक्झीतही जातो, आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवशी फॉर्मच उघडत नाही. होस्ट, डेटाबेसचं नाव आणि युजर टीआयएनआयफाइलने आयएनआय फाइलीतून वाचा, आणि ओपन हा ट्राय-एक्सेप्टमध्ये (चूक पकडायची रचना) घाला.

---

सर्व्हरखालचा

डीएलएलचा प्रश्न सुटला की लगेच सर्व्हरच्या दाराशी अडाल, म्हणून ते आत्ताच लिहितो.

खिडकीच्या संगणकावर पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसचा कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम टाकून घ्या (पोस्टग्रेसच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त ‘कमांड लाइन टूल्स’ निवडता येतात) आणि त्यातून १९२.१६८.१.१० शी जोडून पाहा. लॅझारस मध्ये न आणता जे कळेल ते खरं. उत्तर कसं येतं त्यावरून अडथळा कुठे आहे ते ओळखता येतं:

बराच वेळ थांबून ‘टाइम आउट’ आला तर निरोप पोचतच नाही. बहुतेक वेळा सर्व्हरवरची विंडोज फायरवॉल. तिच्यात येणाऱ्या जोडण्यांसाठी टीसीपी ५४३२ चा नियम करा, आणि तोही फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरता. नेटवर्क चुकून ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर नियम असून उपयोग होत नाही, तेही बघा.

लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर यंत्र भेटलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. एकतर सेवा बंद आहे, नाहीतर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमधला लिसन_ॲड्रेसेस फक्त लोकलहोस्टपुरता आहे. तो बदलला तर सेवा पुन्हा सुरू करावी लागते, नुसतं रीलोड पुरत नाही. एकाच संगणकावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर दुसरीचा पोर्ट बहुधा ५४३३ असतो. टीपीक्यूकनेक्शनला पोर्टसाठी वेगळी प्रॉपर्टी नाही. ‘पॅराम्स’मध्ये ‘पोर्ट=५४३३’ अशी ओळ घालावी लागते. तिथेच ‘कनेक्ट_टाइमआउट=५’ ही ओळही घाला, म्हणजे सर्व्हर बंद असला तर खिडकीवरचा माणूस ताटकळणार नाही.

‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ आली तर ती चांगली बातमी. सर्व्हरपर्यंत पोचलात, फक्त तुमच्या पत्त्याला परवानगी नाही. डेटा फोल्डरातल्या त्या फाइलीत एक ओळ वाढवा, पाच रकाने: होस्ट, डेटाबेसचं नाव, युजरचं नाव, १९२.१६८.१.०/२४, स्क्रॅम-एसएचए-२५६. डेटाबेस आणि युजर इथे ‘ऑल’ ठेवू नका, नेमकी नावं घाला. यानंतर सेवा बंद-चालू करायची गरज नाही, ‘सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ()’ पुरे. शेवटच्या रकान्यात ‘ट्रस्ट’ लिहिण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. ट्रस्ट म्हणजे त्या जाळ्यातल्या कोणालाही पासवर्डाशिवाय प्रवेश. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्यात आहेत, तेव्हा नकोच.

युजरबद्दल: प्रोग्रॅमने ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी नावाने जोडू नये. दोन भूमिका करा. एक टेबलांची मालक, दुसरी खिडकीवरची, जिला फक्त सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट दिलेलं. डिलीट देऊच नका, रद्द सभासदाला ‘रद्द’ अशी खूण पुरते. सिरियल (आपोआप वाढणारा क्रमांक) वापरलं असेल तर तो क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सवर ‘युसेज’ही द्यावं लागतं, हे हमखास विसरतं. आणि आवृत्ती १५ पासून ‘पब्लिक’ स्कीमात साध्या युजरला टेबल करता येत नाही. ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ दिसलं तर काही मोडलेलं नाही, नियमच तसा झाला आहे. मालक-भूमिकेची वेगळी स्कीमा करा आणि तिथे टेबलं ठेवा.

देवनागरीसाठी: ‘शो सर्व्हर_एन्कोडिंग’ चालवून पाहा. यूटीएफ८ असेल तर उत्तम. विन१२५२ निघालं तर त्यात देवनागरी बसूच शकत नाही आणि एन्कोडिंग मागाहून बदलता येत नाही. टेम्प्लेट० वरून यूटीएफ८ चा नवा डेटाबेस करणं हा एकच मार्ग. टीपीक्यूकनेक्शनच्या कॅरसेटमध्येही यूटीएफ८ लिहून टाका.

---

सह्याद्रीवारा

एवढं करण्यापेक्षा ओडीबीसीने (डेटाबेसांशी जोडायचा सामायिक मार्ग) जोडा की. पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर टाकला, डीएसएन (जोडणीची साठवलेली नोंद) केला, टीओडीबीसीकनेक्शन लावलं, झालं. उद्या डेटाबेस बदलला तर कोड तसाच राहतो.

---

जोडतार

एक्सेल किंवा ॲक्सेसमधून त्याच डेटाबेसवर अहवाल काढायचे असतील तर ओडीबीसी योग्य आहे, तिथे मीही तोच सुचवेन. पण इथे ३२-६४ ची अडचण त्याने टळत नाही. डीएसएन ३२-बिट आणि ६४-बिट असे वेगवेगळे असतात आणि त्यांची व्यवस्थापकाची खिडकीही वेगळी असते. दोन्हीकडे फाइलीचं नाव ओडीबीसीएडी३२ हेच. सिस्टिम३२ मधली ६४-बिट, आणि सिसवाव६४ मधली ३२-बिट. नावावरून उलटं वाटतं आणि तिथे चूक होते. ड्रायव्हरही ‘युनिकोड’ आणि ‘एएनएसआय’ असे दोन दिसतात, देवनागरीला पहिलाच लागतो.

लॅझारसमधून थेट लिबपीक्यूने जोडल्यावर पोस्टग्रेसची मूळ चूक हाती येते. ईपीक्यूडेटाबेसएरर मध्ये एसक्यूएलस्टेट (चूक ओळखायचा कोड) मिळतो, त्यावरून ‘ही प्रत आधीच दिलेली आहे’ असा नेमका मराठी संदेश दाखवता येतो. खिडकीवरच्या माणसासाठी ते फार मोलाचं आहे.

---

पुस्तककिडा

दोघांचेही आभार. लॅझारस विन३२ चाच होता. विन६४ टाकला, संच एका फोल्डरात ठेवून पाथमध्ये घातला, लायब्ररी लोड झाली. मग पीजी_एचबीए ची चूक आली, ती वरच्या पाच रकान्यांनी गेली. सर्व्हरचं एन्कोडिंग यूटीएफ८ आहे.

आता ग्रिडमध्ये सभासद दिसतात. पण:

१. पत्त्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला कंसात ‘मेमो’ एवढंच दिसतं.
२. रेकॉर्डकाउंट १० येतो, सभासद १८०० आहेत (आणि पुस्तकं २२ हजार).
३. ग्रिडमध्ये दुरुस्ती केली, पोस्ट केलं, दिसलीही. प्रोग्रॅम बंद करून उघडला तर जुनंच.
४. नवा सभासद घालताना आयडी दिला नाही म्हणून अडतं. आयडी तर सर्व्हर देतो.

---

जोडतार

पहिले दोन किरकोळ आहेत. स्तंभ ‘टेक्स्ट’ प्रकारचा असला की लॅझारस त्याला मेमो समजतो. ग्रिडच्या ऑप्शन्समध्ये डीजीडिस्प्लेमेमोटेक्स्ट चालू करा, किंवा पत्ता व्हारकॅर(२००) करा. रेकॉर्डकाउंट फक्त आतापर्यंत आणलेल्या ओळी मोजतो आणि पॅकेटरेकॉर्ड्सची मूळ किंमत १० आहे. ती -१ केली की सगळ्या ओळी येतात. पण मोजणीसाठी ते करू नका. आकडा हवा असेल तर वेगळ्या क्वेरीने सर्व्हरकडून काउंट मागवा. २२ हजार पुस्तकांची यादी ग्रिडमध्ये ओतण्यातही अर्थ नाही. कोणी ती खाली सरकवत वाचत नाही. आडनाव किंवा दाखल क्रमांक विचारा आणि तेवढंच आणा. ती अट मजकूर चिकटवून तयार करू नका, पॅरामीटरने द्या, म्हणजे कोणी अवतरणचिन्ह टाइप केलं तरी क्वेरी मोडत नाही.

तिसऱ्यावर थांबून नीट समजून घ्या, पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. एसक्यूएलडीबीत बदल तीन टप्प्यांनी पक्का होतो. पोस्ट केल्यावर तो फक्त तुमच्या संगणकाच्या मेमरीत असतो. अप्लायअपडेट्स केल्यावर तो सर्व्हरकडे जातो, पण उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) अडकून असतो. कमिट केल्यावर तो कायमचा होतो आणि दुसऱ्या खिडकीला दिसतो. तुमचं पहिल्या टप्प्यावरच थांबलं आहे.

साधा कमिट केला की त्या ट्रान्झॅक्शनवरच्या क्वेऱ्या बंद होतात आणि ग्रिड रिकामी होते. ते टाळायला लोक कमिटरिटेनिंग वापरतात. त्याने ग्रिड राहते, पण कमिट होताच लगेच नवा ट्रान्झॅक्शन उघडतो आणि दिवसभर उघडाच राहतो. सर्व्हरवर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहिलं तर ती जोडणी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसते. मग संध्याकाळी कोणी त्याच टेबलात नवा स्तंभ घालायला जातं आणि ती आज्ञा लटकते. इतकंच नाही, तिच्यामागे येणाऱ्या साध्या क्वेऱ्याही रांगेत उभ्या राहतात आणि दोन्ही खिडक्या ठप्प होतात.

माझी शिफारस: क्वेरीच्या ऑप्शन्समध्ये एसक्यूओकीपओपनऑनकमिट चालू करा. त्याने सगळ्या ओळी आधीच मेमरीत घेतल्या जातात आणि साध्या कमिटनंतरही ग्रिड उघडी राहते. मग आफ्टरपोस्टमध्ये अप्लायअपडेट्स आणि लगेच कमिट. काही चुकलं तर एक्सेप्टमध्ये रोलबॅक (ट्रान्झॅक्शन रद्द) केलाच पाहिजे, कारण पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधली एक आज्ञा फसली की पुढची प्रत्येक आज्ञा ‘ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ म्हणून परत येते. मूळ चूक पहिली असते आणि माणूस शेवटच्या संदेशाकडे पाहत राहतो. फॉर्म उघडताना यादी आणलीत की तिथेही कमिट करा, वाचण्यासाठी उघडलेला ट्रान्झॅक्शनही उघडाच असतो.

एक बारकावा: टीपीक्यूकनेक्शन प्रत्येक टीएसक्यूएलट्रान्झॅक्शनसाठी सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी उघडतो. प्रत्येक फॉर्मवर नवा ट्रान्झॅक्शन टाकत गेलात तर एका खिडकीच्या आठ-दहा जोडण्या होतील. कनेक्शन आणि ट्रान्झॅक्शन एका डेटा मॉड्यूलवर ठेवा.

चौथं: क्वेरीवर डबल क्लिक करून फील्ड्स घाला, आयडीच्या फील्डचा रिक्वायर्ड ‘फॉल्स’ करा आणि प्रोव्हायडरफ्लॅग्जमध्ये पीएफरिफ्रेशऑनइन्सर्ट लावा. इन्सर्टनंतर सर्व्हरने दिलेला आयडी ग्रिडमध्ये आपोआप येतो. टेबलाला प्रायमरी की हवीच. ती नसेल तर अपडेटची आज्ञा तयार करता आली नाही अशी चूक येते, कारण कोणती ओळ बदलायची ते ओळखायला एसक्यूएलडीबीकडे दुसरं साधन नसतं.

---

सर्व्हरखालचा

दोन खिडक्या आहेत म्हणून एक भर. एकच प्रत दोघांना दिली जाऊ नये, याची तपासणी प्रोग्रॅममध्ये करू नका. ‘आधी सिलेक्ट करून पाहा, मोकळी असेल तर इन्सर्ट करा’ यात दोन आज्ञांच्या मधल्या क्षणात दुसरी खिडकी घुसू शकते. देवघेवीच्या टेबलावर प्रत-क्रमांकाचा युनिक इंडेक्स करा आणि त्याला ‘परत-तारीख नल असेल तेव्हाच’ अशी व्हेअरची अट घाला. पोस्टग्रेसमध्ये असा अर्धवट इंडेक्स चालतो. एक प्रत एका वेळी एकाकडेच, आणि परत आल्यावर पुन्हा कितीही वेळा देता येते. दुसऱ्या खिडकीला एसक्यूएलस्टेट २३५०५ मिळेल, त्यावर मराठी संदेश दाखवा.

टेबलांची आणि स्तंभांची नावं रोमनमध्ये आणि सगळी लहान लिपीत ठेवा. अवतरणात नसलेलं नाव पोस्टग्रेस लहान करून वाचतो. पीजीॲडमिनमध्ये मोठ्या अक्षराने टेबल केलंत तर पुढे प्रत्येक ठिकाणी दुहेरी अवतरण घालत बसावं लागेल.

---

पुस्तककिडा

आफ्टरपोस्ट, कमिट, इंडेक्स, सगळं बसलं. दोन्ही खिडक्यांवरून एकच प्रत द्यायचा प्रयत्न केला, दुसरी अडली.

आता भाषेचे दोन प्रश्न. आडनावांच्या यादीत काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी येतात, आणि क्षीरसागर ‘क’मध्येच. छापील यादीत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी हवेत. दुसरं म्हणजे ‘गोऱ्हे’ शोधलं तर चार सभासदांपैकी दोनच सापडतात. डोळ्यांना चारही नावं अगदी सारखी दिसतात.

---

ऱ्हस्वदीर्घ

दोन्हींवर उपाय आहे, आणि दुसरा प्रश्न मराठी डेटा असलेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

क्रमाचं आधी. युनिकोडच्या तक्त्यात ल हा ०९३२ वर आणि ळ लगेच ०९३३ वर आहे, श आणि स त्यानंतर. तक्त्याच्या क्रमाने लावलं की काळे आधी येणारच. आणि ‘क्ष’ हे क, हलन्त, ष असं तीन खुणांचं जोडाक्षर असल्याने ते ‘क’खाली जातं. मराठी वर्णक्रम पोस्टग्रेसला आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडून मिळतो. आवृत्ती १० पासून ‘एमआर-एक्स-आयसीयू’ नावाचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) तयार असतं. ऑर्डर बाय आडनाव, त्यापुढे कोलेट, आणि ते नाव दुहेरी अवतरणात, कारण त्यात आडव्या रेघा आहेत. प्रत्येक क्वेरीत लिहायचं नसेल तर स्तंभाचीच व्याख्या त्या कोलेशनने करा. आवृत्ती १५ पासून अख्खा डेटाबेसच आयसीयू वर करता येतो, पण तो नव्याने बनवतानाच. आधी काशीद, कासार, काळे, हजारे, क्षीरसागर, ज्ञानमोठे एवढ्या सहा नावांवर चाचणी घ्या.

इंडेक्स असेल तर तोही त्याच कोलेशनचा हवा, नाहीतर क्रम लावायला तो वापरला जाणार नाही. आणि पोस्टग्रेसची आवृत्ती चढवल्यावर ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ असा इशारा दिसला तर तो टाळू नका. आधी रीइंडेक्स, मग ‘रिफ्रेश व्हर्जन’.

आता गोऱ्हे. आपला ऱ्ह, ऱ्य मधला आडवा ‘र’ युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिला जातो:

- ऱ (०९३१) आणि हलन्त
- साधा र (०९३०), नुक्ता (०९३सी), मग हलन्त
- साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारा शून्यरुंदी-जोडक (२००डी)

वेगवेगळ्या कीबोर्डांतून वेगवेगळा प्रकार येतो. तिन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण डेटाबेस बाइट मोजतो, म्हणून बरोबर-चिन्हाने ते जुळत नाहीत. संशयित नावावर लेंग्थ चालवा. पहिल्या प्रकारच्या ‘गोऱ्हे’ची लांबी ६ येते, बाकी दोन्हींची ७. (पोस्टग्रेसची लेंग्थ खुणा मोजते. लॅझारसची लेंग्थ बाइट मोजते, तिथे याच नावाला १८ येतील. लॅझारसमध्ये यूटीएफ८लेंग्थ वापरा.)

आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्याला एनएफसी (युनिकोडचं प्रमाण जोडरूप) सांगितलं की दुसरा प्रकार पहिल्यात बदलतो. तिसरा बदलत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो वेगळाच मजकूर आहे. तिथे रिप्लेस लागतं: सीएचआर(२३५२), सीएचआर(२३८१), सीएचआर(८२०५) ही ओळ शोधून तिच्या जागी सीएचआर(२३५३), सीएचआर(२३८१). (वरच्या खुणांचेच क्रमांक, फक्त दशमान पद्धतीत.) अक्षरं थेट टाइप न करता आकडे वापरा, म्हणजे तुमचा स्वतःचा कीबोर्ड मध्ये येणार नाही.

हा शून्यरुंदी-जोडक सरसकट पुसून टाकायचा मोह होतो. तो पुसला की उरतो र आणि हलन्त, म्हणजे रफार. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना जातो. म्हणून वर दिली तेवढीच अदलाबदल करा.

‘ॲ’चीही हीच गत. ‘ॲड.’ कोणी ०९७२ या एका खुणेने लिहितं, कोणी अ वर चंद्र देऊन, तर कोणी ‘ऍ’ने. ०९७२ ही खूण युनिकोडमध्ये २००८ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात ती नसतेच. एनएफसी यांना एकत्र आणत नाही. यांनाही रिप्लेसने एका रूपावर आणा.

हे सगळं एका ट्रिगर फंक्शनमध्ये (नोंद साठताना सर्व्हरवर आपोआप चालणारं) घालून सभासद आणि पुस्तक या दोन्ही टेबलांवर इन्सर्ट व अपडेटच्या आधी लावा. लॅझारसच्या बिफोरपोस्टमध्ये केलंत तर पीजीॲडमिनमधून किंवा सीएसव्हीतून आलेला मजकूर सुटतो. सर्व्हरवर असलं की वाट कोणतीही असो, मजकूर एकाच रूपात साठतो. शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून गाळून पॅरामीटरला द्या, नाहीतर साठवलेलं शुद्ध आणि शोधणारं अशुद्ध असं होऊन पुन्हा तेच.

आधीच्या १८०० नोंदींसाठी: पीजी_डंपने बॅकअप घ्या, ट्रिगर लावा, मग आडनाव-बरोबर-आडनाव असा एक अपडेट सगळ्या ओळींवर चालवा. ट्रिगर प्रत्येक ओळ नीट करून ठेवेल. कमिट करण्याआधी गोऱ्हे, कऱ्हाडे, नऱ्हे अशी नावं मोजून पाहा.

आणखी एक. जुन्या संगणकावरची यादी डीव्हीबी-टीटी सारख्या फॉन्टांत टाइप केलेली असेल तर ती युनिकोड नाहीच, फॉन्ट काढला की रोमन अक्षरं उरतात. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मगच आयात करा. उलट आयात करताना देवनागरीच्या प्रत्येक खुणेच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ चे बाइट विन१२५२ म्हणून वाचले गेलेत. पीएसक्यूएलमध्ये क्लायंट_एन्कोडिंग यूटीएफ८ करून पुन्हा आयात करा. पण प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मूळ अक्षरं गेली. ती त्या फाइलीतून परत येणार नाहीत, मूळ यादीच पुन्हा मिळवावी लागेल.

---

पुस्तककिडा

ट्रिगर लावून अपडेट चालवला. लांबी ७ असलेली दोन गोऱ्हे होती, त्यातलं एक नुक्त्याचं आणि एक जोडकाचं. आता चारही सापडतात, आणि काळे कासारांच्या खाली गेले. ‘ॲड.’चे तिन्ही प्रकार पुस्तकांच्या लेखक-रकान्यात सापडले, ते आज रात्री बॅकअपनंतर करतो.

एक शंका राहिली. शोधाच्या चौकटीत फक्त ‘क’ टाइप केला की लाइकने क्षीरसागरही येतात. तेही कोलेशनने सुटेल का?

---

ऱ्हस्वदीर्घ

नाही. लाइक खुणा जुळवतो, वर्णक्रम पाहत नाही, आणि ‘क्ष’ची पहिली खूण ‘क’च आहे. एका अक्षरावरची यादी हवी असेल तर लाइक ‘क%’ सोबत नॉट लाइक ‘क्ष%’ घाला, आणि ‘ज’साठी तसंच ‘ज्ञ%’. दोन अक्षरांपासून पुढे याची गरज पडत नाही. लाइकला इंडेक्स वापरायचा असेल तर त्याच स्तंभावर टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सचा (स्तंभ व्हारकॅर असेल तर व्हारकॅर_पॅटर्न_ऑप्सचा) दुसरा इंडेक्स लागतो. कोलेशनचा इंडेक्स क्रमासाठी, हा शोधासाठी. १८०० सभासदांना त्याची गरज नाही, २२ हजार पुस्तकांच्या नावांवर मात्र करून ठेवा.